जॅक उचलतो, धरत नाही

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास खांदा कॉलनीत एक चक्कर मारा. आठवडाभर कुणी ऐरोलीला, कुणी बेलापूरला, कुणी पार सीएसएमटीपर्यंत लोकलला लटकत गेलेला असतो. रविवारी मात्र सगळे बर्मुडा आणि स्लिपरवर खाली उतरतात आणि आपापल्या गाडीपाशी जमतात. बादली, शाम्पू, फडकं, कुणाचं बॉनेट उघडं, कुणाच्या सीट कव्हरवर लेकरांनी सांडलेल्या फ्रूटीचं पोस्टमॉर्टेम चाललेलं. आणि दर तीन-चार गल्ल्यांत एक तरी गाडी अशी दिसते जी एका बाजूने वर उचललेली आहे आणि जिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले आहेत.

ते पाय बघून मला खरं तर बरं वाटतं. आपल्या गाडीखाली काय आहे हे बघायची इच्छा असणारा माणूस अजून शिल्लक आहे म्हणायचं! ऑइल बदलणं, ब्रेक पॅड तपासणं, सायलेन्सरचा सैल झालेला क्लॅम्प घट्ट करणं ही कामं घरी करता येतात, करावीत, आणि ती करताना जो आनंद मिळतो तो शोरूमच्या गारेगार वेटिंग रूममध्ये बसून मिळत नाही. त्यामुळे त्या पायांशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते गाडी कशावर उभी आहे याच्याशी. दहातल्या नऊ वेळा (हे माझं आपलं गल्लीतलं निरीक्षण, सर्व्हे वगैरे नाही) ती फक्त जॅकवर उभी असते. उरलेल्या एका वेळी जॅक आणि वीट.

मंडळी, या लेखात एकच वाक्य सांगायचं आहे. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. हे वाक्य ज्याला पटलं त्याने पुढे वाचलं नाही तरी चालेल. ज्याला वाटतं की "ह्यॅ, काही होत नाही", त्याच्यासाठी पुढचा सगळा खटाटोप.

आधी एक किस्सा. यंदाचे पावसाळे संपले त्यानंतरचा. आमच्या पलीकडच्या सोसायटीतले एक काका गाडीच्या पुढच्या बाजूने येणारा खडखडाट शोधत होते. चाक काढलेलं, गाडी कंपनीने दिलेल्या कात्रीसारख्या जॅकवर, जॅक पेव्हर ब्लॉकवर. काका अर्धे आत. बारा नंबरचा पाना हवा म्हणून बाहेर आले, डिकीकडे गेले, आणि मागे गाडी बसली. जॅक आडवा झाला, ब्रेकची डिस्क थेट ब्लॉकवर आपटली, ब्लॉकचे दोन तुकडे. आवाजाने अख्खी सोसायटी गॅलरीत. मग नेहमीचा कार्यक्रम: कुणी पाणी आणलं, कुणी खुर्ची आणली, आणि कुणीतरी ते ठरलेलं वाक्य म्हटलं, "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती."

इथपर्यंत ठीक आहे. माणूस वाचला, आनंद आहे. मला हा लेख लिहायला लावला तो पुढच्या रविवारने. तीच गाडी, तोच जॅक, तेच काका पुन्हा आत. मी म्हटलं, "अहो काका, स्टँड लावा ना. माझ्याकडे आहेत, देतो." तर आतून उत्तर आलं, "अरे आता वीट लावलीये ना! पाच मिनिटांचं तर काम आहे."

काळ-वेळेच्या त्या वाक्यावर माझा खरा राग आहे. ते वाक्य म्हटलं की विषय मिटतो. गाडी का घसरली, जॅक कुठे टेकवला होता, जमीन कशी होती, हँडब्रेक कुठल्या चाकांना लागतो, यातलं काहीही विचारायची गरज उरत नाही. सगळं वेळेवर ढकललं की आपण मोकळे, पुढच्या रविवारी पुन्हा तेच करायला. आमच्या धंद्यात सर्व्हर कोसळला आणि मॅनेजरला सांगितलं की "सर, काळ आला होता", तर सोमवारी नोकरी जाईल. तिथे का कोसळला याचा रिपोर्ट लिहावा लागतो. तर चला, जॅकचा रिपोर्ट लिहू.

गाडीबरोबर डिकीत जो मिळतो तो कात्री जॅक. एक आडवा स्क्रू, चार लोखंडी पट्ट्या, खाली तळहाताएवढा पाया. वजन सरळ उभ्या रेषेत खाली येत असेल तोवर तो उत्तम काम करतो. पण बाजूने धक्का बसला, उदाहरणार्थ तुम्ही जाम झालेला नट जोर लावून ओढलात, तर त्याला कलायला फारसं निमित्त लागत नाही. हा जॅक एकाच कामासाठी बनवलेला असतो: पंक्चर झालेलं चाक काढायचं, दुसरं लावायचं, गाडी खाली. एवढंच. बहुतेक जॅकच्या अंगावरच स्टिकर असतो, माणूस गाडीखाली दाखवलेला आणि त्यावर फुली मारलेली. गाडीच्या मॅन्युअलमध्ये तर हे ठळक अक्षरात लिहिलेलं असतं. पण आपलं मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात, डिलिव्हरीच्या दिवशीच्या प्लास्टिकसकट सुखाने झोपलेलं असतं.

दुसरा बाटली जॅक, टेम्पोवाले वापरतात तो. आणि तिसरा ट्रॉली जॅक, चाकांवर ढकलायचा, लांब दांडीचा. हे दोन्ही हायड्रॉलिक. पास्कलचा नियम शाळेत आपण सगळेच पाठ करून आलो आहोत: बंद भांड्यातल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पसरतो. लहान पिस्टनवर थोडा जोर, मोठ्या पिस्टनवर मोठा जोर. लहानखुऱ्या माणसाने दांडी हापसली की अख्खी गाडी वर! पण हे तेल वर कोंडून कोण ठेवतं? एक रबरी सील आणि एक छोटा व्हॉल्व्ह. सील झिजलं, व्हॉल्व्हच्या तोंडाशी कचऱ्याचा कण अडकला, किंवा व्हॉल्व्ह पूर्ण आवळायचा राहिला, की तेल परत फिरतं आणि जॅक खाली येतो. कधी हळूहळू येतो, कधी हळूहळू येत नाही. वॅगन आरसारख्या गाडीचं वजन साधारण साडेआठशे किलोच्या आसपास. त्यातलं निम्म्याहून जास्त पुढच्या बाजूला, कारण इंजिन तिथे. म्हणजे तुमची छाती आणि चार-पाचशे किलो लोखंड यांच्या मध्ये एक वायसर उभा आहे. आता बोला!

ट्रॉली जॅकची अजून एक गंमत आहे जी फार कमी लोकांच्या लक्षात येते. त्याचा हात सरळ वर जात नाही, कमानीत जातो. वर जाताना त्याची वाटी थोडी मागे सरकते. म्हणून त्या जॅकला चाकं दिलेली असतात. गाडी जागेवर राहते, जॅक स्वतः पुढे-मागे सरकून ही कसर भरून काढतो. गुळगुळीत काँक्रीटवर हे छान जमतं. आता हाच जॅक आपल्या सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर आणा. त्याची इवलीशी लोखंडी चाकं दोन ब्लॉकच्या फटीत अडकतात. जॅक सरकत नाही. मग काय सरकणार? एक तर वाटी गाडीच्या कडेवरून घसरणार, नाहीतर गाडीच ओढली जाणार. दोन्हीपैकी काहीही झालं तरी तुम्ही आत असायला नको.

पेव्हर ब्लॉक हा आपल्या सगळ्या नोड्सचा राष्ट्रीय दगड आहे :-) पण तो वाळूच्या थरावर नुसता मांडलेला असतो, जमिनीत रुजलेला नसतो. पनवेलचा पाऊस कसा असतो ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. चार महिने पाणी त्या फटींतून आत जातं, खालची वाळू वाहते, आणि ऑक्टोबरात वरून सपाट दिसणारा ब्लॉक खालून पोकळ झालेला असतो. गाडीचं चाक त्यावरून जातं तेव्हा काही कळत नाही, कारण टायर बऱ्यापैकी रुंद जागेवर टेकतो. जॅकचा पाया तेच वजन तळहाताएवढ्या जागेत दाबतो. ब्लॉक एका कोपऱ्याने बसला की जॅक कलला. स्टिल्ट पार्किंगच्या टाइल्सवर वेगळी कथा: तिथे धूळ आणि ओल असली की लोखंड घसरतं. आणि गेटचा उतार म्हणजे तर आमंत्रणच.

आता हँडब्रेक. "हँडब्रेक लावलाय, गिअरमध्ये ठेवलीये, कुठे जातीये गाडी?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की उत्तर एकदा लिहूनच ठेवतो. ऑल्टो, वॅगन आर, स्विफ्ट, आय टेन, आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. म्हणजे गिअर अडवतो तो पुढच्या चाकांना. हँडब्रेक लागतो मागच्या चाकांना. आता पुढचं एक चाक हवेत उचला. डिफरन्शियलचा स्वभावच असा की एक चाक मोकळं झालं की ते उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही फिरायची मुभा मिळते. म्हणजे गिअरचा उपयोग संपला. ऑटोमॅटिक गाडी पी मध्ये ठेवलीत तरी हेच. उरला फक्त हँडब्रेक, ज्याची केबल आपण शेवटची कधी घट्ट करून घेतली ते आठवा. उलट मागची दोन्ही चाकं उचललीत तर हँडब्रेक हवेत, उरला फक्त गिअर. थोडक्यात, आपल्याला वाटतं दोन कुलुपं आहेत, आणि गाडी उचलताच त्यातलं एक आपोआप उघडतं. म्हणून जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचर किंवा चांगला मोठा दगड लावायचा. घाटात बंद पडलेल्या ट्रकचा क्लीनर पहिली उडी मारून चाकाला दगड लावतो तो उगाच नाही.

ट्रकचा विषय निघालाच आहे तर जरा पुलापलीकडे कळंबोलीला जाऊन या. स्टील मार्केटच्या आसपास ट्रक उभे असतात. तिथल्या मुरलेल्या ड्रायव्हरला चाक काढताना बघा. जॅक लावून गाडी उचलली की तो आधी अ‍ॅक्सलखाली लाकडाचा जाड ओंडका सारतो, मगच पुढचं काम. त्याला पास्कल माहीत नसेल, पण त्याने वजन काय करतं ते पाहिलेलं असतं. आणि आम्ही? बी.ई., एम.टेक., अमेरिकेच्या दोन वाऱ्या, आणि जॅकखाली वीट!

त्या विटेचाही निकाल लावून टाकू. वीट, काँक्रीटचा ब्लॉक, पेव्हर, हे सगळे पदार्थ दाबाला टणक असतात पण ठिसूळ असतात. भिंतीत वीट भार घेते कारण तो भार तिच्या पूर्ण पृष्ठभागावर पसरलेला असतो, वर-खाली सिमेंट असतं. गाडीची पातळ पत्र्याची कड विटेच्या मधोमध एका रेषेत टेकली की वीट तडकते, आणि तडकायच्या आधी काही कळवत नाही. पोकळ ब्लॉक तर त्याहून वाईट. लाकूड तसं नाही. लाकूड आधी दबतं, करकरतं, चिरतं, म्हणजे सूचना देतं. म्हणून आगगाडीच्या जुन्या स्लीपरसारखे जाड ठोकळे आडवे-उभे रचून आधार करणं ही जुनी आणि शहाणी पद्धत आहे. विटांची चळत रचणं हे शहाणपण नाही, ते फक्त तसं दिसतं.

मग करायचं काय? स्टँड. लोखंडी, तीन-चार पायांची बुटकी घोडी, मधे वर-खाली होणारा दांडा, त्याला खाचा किंवा आरपार पिन. त्यात तेल नाही, सील नाही, व्हॉल्व्ह नाही. एकदा खाचेत बसला की लोखंडावर लोखंड. दोन स्टँडची जोडी आज साधारण दोन-तीन हजारांत मिळते. आता या किमतीवर जे लोक नाक मुरडतात त्यांच्या गाडीत मी काय काय पाहिलंय ते सांगू? दहा हजारांचा टचस्क्रीन. रंग बदलणारे दिवे. वीस-पंचवीस हजारांची अलॉय व्हील्स. डॅशबोर्डवर डुलणारा कुत्रा. ही सगळी खरेदी करताना कुणाला "कशाला उगाच पैसे?" असं वाटलेलं नसतं. वाटतं ते फक्त स्टँडच्या वेळी, कारण स्टँड कुणाला दाखवता येत नाही.

आता नेहमीचे युक्तिवाद एकेक करून घेऊ.

"मेकॅनिकसुद्धा असंच करतात." हो, करतात. आणि ते मला सगळ्यात जास्त खटकतं. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये जॅकवरच्या गाडीखाली कोण सरपटत जातं? मालक नाही. अठरा-वीस वर्षांचा बारक्या जातो, कारण तो बारीक आहे आणि त्याला नाही म्हणता येत नाही. आपण शेजारी उभे राहून मोबाइलवर मेसेज वाचत असतो आणि "जरा लवकर कर रे, ऑफिसला उशीर होतोय" म्हणत असतो. कारखान्यात वजन उचलणाऱ्या यारी, साखळ्या, दोर यांची वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून तपासणी व्हावी, हे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २९ व्या कलमातच लिहिलेलं होतं. नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय नव्या कामगार संहितेकडे गेला. पण दोन माणसांचं गॅरेज तेव्हाही कायद्याच्या लेखी कारखाना नव्हतं आणि आताही नाही. म्हणजे त्या पोराच्या वाटणीचा नियम कुणी लिहिलेलाच नाही. तिथे एकच माणूस काही करू शकतो: गिऱ्हाईक. "आधी स्टँड लाव, मग आत जा. मला घाई नाही" एवढं एक वाक्य बोलायला काय जातं? तेव्हा मेकॅनिक करतो म्हणून आपणही करायचं, यापेक्षा आपण करत नाही म्हणून त्यालाही करू द्यायचं नाही, हे जास्त बरं.

"वीस वर्षं करतोय, एकदाही काही झालं नाही." यात पुरावा काय आहे? वीस वर्षं फाटकातून घुसून रूळ ओलांडणारेही हेच म्हणतात. न झालेल्या अपघातातून आपण कौशल्य शिकत नाही, फक्त निर्ढावतो. आणि वीस वर्षांत जॅकचं सीलही वीस वर्षांचं झालंय, हे हिशेबात धरा.

"मग घरी करूच नका, शोरूमला द्या." हा सोसायटीच्या कमिटीचा आवडता सल्ला. काही ठिकाणी तर पार्किंगमध्ये गाडीचं कुठलंही काम करायला बंदीचा बोर्ड लागतो. कारण विचारा, तर "तेल सांडतं". तेल सांडतं हे खरं आहे, त्याला ट्रे ठेवायला सांगा. पण बंदीने होतं काय, तर लोक काम थांबवत नाहीत, बाहेर रस्त्यावर जातात, जिथे उतार आहे, रिक्षा जातायत आणि कॅम्बर दिलेला डांबरी रस्ता आहे, दुपारच्या उन्हात मऊ होणारा. सुरक्षित जागा बंद करून धोक्याची जागा खुली केली. वर मिटिंगमध्ये टाळ्या.

"पाच मिनिटांचं काम आहे." स्टँड लावायला दोन मिनिटं लागतात. पाच मिनिटांच्या कामासाठी दोन मिनिटं जास्त वाटत असतील तर ते काम आजच करायची गरज नाही, इतकं सोपं आहे.

आणि आता एक गोष्ट जी कुणी बोलत नाही. गाडी छातीवर आली तर माणूस ओरडून मदत मागेल असं आपण धरून चालतो. ओरडायला श्वास लागतो. छातीवर वजन असेल तर फासळ्या वर उचलल्या जात नाहीत, हवा आत जात नाही, आवाज बाहेर येत नाही. हातात घड्याळाची मिनिटं असतात, तीही थोडी. वर दुसऱ्या मजल्यावर बायको पोहे करत असते, खाली मुलं क्रिकेट खेळत असतात, आणि बाहेर आलेल्या दोन पायांकडे बघून सगळ्यांना वाटत असतं, काम चाललंय. म्हणून एकट्याने कधीही गाडीखाली जायचं नाही. कुणीतरी बाहेर, बोलण्याच्या अंतरावर हवं. आणि त्याला माहीत हवं की वेळ आलीच तर हाताने गाडी उचलायला धावायचं नाही, दुसरा जॅक लावायचा, लोकांना हाका मारायच्या आणि १०८ किंवा ११२ फिरवायचा. म्हणून दुसरा जॅक जवळ ठेवायचा.

तर करण्याची पद्धत, ज्याला प्रिंट काढून डिकीत ठेवायची असेल त्याच्यासाठी:

१. जागा सपाट आणि टणक. काँक्रीट सर्वात बरं. पेव्हरशिवाय पर्याय नसेल तर जॅक आणि स्टँडखाली जाड प्लायवूडचा किंवा लाकडाचा रुंद तुकडा, म्हणजे वजन तीन-चार ब्लॉकवर पसरेल. अशा ठिकाणी ट्रॉली जॅकखालचा तुकडा त्याची चाकं सरकतील एवढा लांब हवा. माती, मुरूम, उतार, गेटचा रॅम्प: नाही म्हणजे नाही.

२. हँडब्रेक, गिअर, आणि शिवाय जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून पाचर. गाडीत कुणी बसलेलं नको.

३. चाक काढायचं असेल तर नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा-एक फेरा सैल करायचे. उचललेल्या गाडीवर पाना घेऊन लटकायचं नाही.

४. जॅक मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच. दाराखालच्या कडेला बहुतेक गाड्यांना दोन खाचांमधली मजबूत जागा दिलेली असते. पाच-सात सेंटिमीटर चुकलं तर पत्रा चेपतो. इंजिनच्या ऑइल पॅनला तर चुकूनही नाही. इलेक्ट्रिक गाडी असेल तर दुप्पट काळजी, कारण पोटाखाली बॅटरी आहे.

५. गाडी हवी तेवढीच वर. स्टँड मॅन्युअलमध्ये दिलेल्या आधाराच्या जागी सारायचा, पिन किंवा खाच नीट बसली का ते डोळ्याने बघायचं, मग जॅक हळू सोडून वजन स्टँडवर आणायचं. जॅक काढायचा नाही, नुसता टेकलेला ठेवायचा. तो आता राखीव.

६. आत जाण्याआधी गाडीला बाजूने हाताने चांगलं हलवून बघायचं. पडायची असेल तर आत्ता पडू दे.

७. काढलेलं चाक किंवा स्टेपनी दाराखालच्या कडेखाली आडवी टाकायची. सगळं फसलं तरी गाडी चाकावर थांबेल, तुमच्यावर नाही.

शेवटचा मुद्दा वाचून काही जण म्हणतील, स्टँड लावल्यावर पुन्हा चाक कशाला? त्यासाठी अमेरिकेतली गोष्ट. २०२० च्या मार्चमध्ये हार्बर फ्रेट या तिथल्या मोठ्या दुकानसाखळीने आपले पिट्सबर्ग नावाचे साडेचार लाखांहून जास्त स्टँड परत मागवले. खाचा नीट पकडत नव्हत्या, वजन असताना दांडा अचानक खाली येऊ शकत होता. लोकांनी ते परत करून नवे घेतले, तर जुलैत त्या नव्यांपैकीही काहींच्या वेल्डिंगमध्ये दोष निघाला. म्हणजे स्टँड हाही देव नाही. कुठल्याही एका वस्तूवर जीव टांगायचा नाही, हाच तर सगळा मुद्दा आहे. वायरमन मेन स्विच बंद करतो आणि तरीही वायरला टेस्टर लावून बघतो. सर्व्हरचा बॅकअप आपण दोन जागी ठेवतो, कुणी विचारत नाही "एक आहे ना, दुसरा कशाला?" एका कंपनीच्या डेटाला जी सोय आपण बिनतक्रार देतो, ती स्वतःच्या बरगड्यांना द्यायला आपली काय हरकत असते, हे मला खरोखर समजत नाही.

द्रुतगती मार्गावर पंक्चर झालं तर हा सगळा सरंजाम नसतो, मान्य. तिथे डिकीतलाच जॅक वापरायचा, गाडी पूर्ण डावीकडे, दिवे लुकलुकते, त्रिकोण मागे लांब ठेवलेला, माणसं रेलिंगच्या पलीकडे. पण तिथेही नियम तोच: हात-पाय, डोकं काहीही गाडीखाली नाही, आणि काढलेलं चाक कडेखाली. जॅकचं जेवढं काम तेवढंच त्याच्याकडून घ्यायचं.

आता सोसायट्यांना एक सूचना. आपण गणपतीला मांडव घालतो, जिमची मशीन घेतो जी कुणी वापरत नाही, सीसीटीव्ही लावतो. त्याच निधीतून एक चांगला ट्रॉली जॅक, स्टँडच्या दोन जोड्या, चार पाचरी, दोन प्लायवूडचे तुकडे आणि एक तेलाचा ट्रे का घेऊ नये? दहा-बारा हजारांत सगळं होईल. वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा, वहीत सही करून न्या. पार्किंगचा एक कोपरा पेव्हर काढून काँक्रीट करा. बंदीच्या बोर्डाच्या जागी "स्टँडशिवाय गाडीखाली जाऊ नये" असा बोर्ड लावा. शंभर फ्लॅटच्या सोसायटीत हा खर्च डोईला शंभर-सव्वाशे रुपये पडतो, काँक्रीट वेगळं.

हे वाचून कुणी म्हणेल की साध्या जॅकवर एवढं रामायण! चालेल. मला इतकंच पाहिजे की पुढच्या रविवारी गल्लीतून जाताना तुम्हाला ते दोन पाय दिसले, तर नुसतं "काय काका, काय चाललंय?" विचारून पुढे जाऊ नका. खाली वाका. गाडी कशावर उभी आहे ते बघा. नुसत्या जॅकवर असेल तर त्या माणसाला बाहेर बोलवा, चहाच्या निमित्ताने बोलवा, भांडण झालं तरी बोलवा. रागावेल, म्हणेल "काही होत नाही रे". रागावलेला शेजारी परवडतो.

ता.क.: माझ्याकडचे स्टँड कॉलनीत कुणालाही मिळतील. फक्त परत करताना पिन सकट करा, मागच्या वेळी एक पिन कुणाच्या तरी टूलबॉक्समध्ये राहून गेली होती, ती मिळेपर्यंत तो स्टँड मी कुणालाच दिला नाही आणि देणारही नव्हतो.